बैल बुजू नयेत म्हणून केलेलं पॅकिंग

माझी मोटरसायकल मुळात ओरडणारी नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावातली जुनी माणसं अजून तिला 'फाडफाडी' म्हणतात आणि हसतात. लष्करात होती तेव्हा ती शिस्तीत चालायची, मी स्वतः पाहिली आहे. लढाईच्या वर्षांत मी भिंगारला कॅम्पातल्या वर्कशॉपात गाड्या धुवायच्या कामावर होतो. शिक्षण माझं दुसरीपर्यंत, तेही अर्ध्यातच मास्तरांनी मला सोडलं आणि मी मास्तरांना. पण गाडी धुणारा माणूस फक्त चिखलच बघतो असं थोडंच आहे? कुठली नळी कुठे जाते, कुठला बोल्ट कुणाला धरून ठेवतो, हे मी सगळं बघून ठेवलं होतं. विचारायला कुणाकडे गेलो नाही.

लढाई संपली, गोरे शिपाई निघून जायला लागले आणि कॅम्पातला माल ढिगाने लिलावात निघाला. एका ठेकेदाराने मोटरसायकली घाऊक उचलल्या. त्यातली एक मी त्याच्याकडून घेतली आणि त्यासाठी माझ्या वाटणीची बैलजोडी विकली. गावाने तोंडात बोटं घातली. बैल विकून लोखंड घेणारा माणूस त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता.

पण मला काय करायचं ते माहीत होतं. आमचं गाव नगर-पाथर्डी रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. जमीन कोरडी, पण घरोघर एखादी म्हैस आणि दूध दाट. ते दूध गावातच विरजून संपायचं, कारण नगरला जाणारी सर्व्हिस मोटार दुपारी यायची आणि तोवर दूध नासायचं. भिंगारच्या एका हॉटेलवाल्याने मला शब्द दिला होता, सकाळी फळ्या काढायच्या वेळेला दूध दारात आलं तर सगळं घेतो. मी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोखंडी चौकटी ठोकून घेतल्या आणि त्यांत दुधाचे कॅन बसवले. तांबडं फुटायला बाया मारुतीच्या पारापाशी दूध घेऊन यायच्या, मी मापून घ्यायचो आणि निघायचो. हॉटेलवाला खूश, बाया खूश, मी खूश. गाव तेवढं खूश नव्हतं, पण गप्प होतं.

मग पॅकिंग गेलं.

ज्याने मोटरसायकल कधी उघडली नाही त्याच्यासाठी सांगतो. इंजिनातला जळका धूर बाहेर काढायला एक नळी असते. ती इंजिनाला जिथे दोन बोल्टांनी जोडतात त्या सांध्यात एक चकती बसवतात, बांगडीसारखी. तिला आम्ही पॅकिंग म्हणायचो, शिकलेले लोक गॅसकेट म्हणतात. धूर सांध्यातून फुटू नये एवढंच तिचं काम. ती जळाली की धूर आणि जाळ तिथूनच बाहेर पडतो आणि मागचा सायलेन्सर नुसता शोभेला राहतो. त्याहून वाईट म्हणजे, वेग कमी करायला हातातली मूठ सोडली की नळीत बार उडतात. फाट, फाट, फाट. आता माणूस वेग कुठे कमी करणार? गावात शिरताना. म्हणजे माळावर कुणी ऐकायला नसताना ती त्यातल्या त्यात गप्प असायची आणि बरोबर वेशीत आली की तोफा डागायची.

एका सकाळी मी भिंगारहून परत येत होतो. वेशीतून पाटलांची बैलगाडी बाहेर निघाली होती. मी समोर गाडी पाहून मूठ सोडली, बार उडाले आणि पाटलांचा डाव्या बाजूचा बैल असा उसळला की जू मानेवरून निसटलं आणि त्याचं डोकं वेशीच्या दगडावर आपटलं. एक शिंग मुळापासून मोडलं. खिलार बैल होता, त्याची शिंगं बघायला बाजारात माणसं थांबायची. पाटील खाली उतरले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. डोक्याचा फेटा सोडला आणि बैलाच्या डोक्याला गुंडाळला. पांढरा फेटा बघता बघता लाल झाला.

त्याच संध्याकाळी चावडीवर बैठक बसली. मला बोलावणं आलं, मी गेलो आणि उभाच राहिलो.

"यंत्र लई भारी हाय तुजं, मी कुटं न्हाई म्हनतो," पाटील म्हणाले. "पन ह्ये गाव बैलांचं हाय. त्याचं बोंबलनं बंद हुईस्तवर वेशीच्या आत आनायचं न्हाई."

"आन् दूध?"

"दूध वेशीभाईर घे की. कुनी अडवलंय?"

"वेशीला लागून तर वडा हाय. म्हंजी वड्यापल्याड? भरल्या भांड्यांनी बाया वडा वलांडून येतील व्हय?"

"त्ये तू आन् बाया बघा."

मागून कुणीतरी म्हणालं, "बैल इकताना ह्यानं बैलांला इचारलं हुतं का? आता बैल ह्याला इचारीत न्हाईत." सगळी चावडी हसली. पाटील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आवाज बंद केलास की सांग. बाजारच्या दिशी समद्यांम्होरं बघू. माजा त्योच बैल हुबा करीन, मोडक्या शिंगाचा. त्यो बुजला न्हाई तर वेस तुला मोकळी. बुजला तर पुन्यांदा इचारायला येऊ नको."

बोलणं सरळ होतं, मी मान्य केलं. वर आणखी म्हणालो, "पुढच्या बाजाराला बघा." बांगडीएवढ्या चकतीचं काम, त्याला किती वेळ लागणार?

दुसऱ्या दिवसापासून मोटरसायकल ओढ्यापलीकडे उभी राहायला लागली. ओढ्यातले दगड शेवाळलेले, पहाटेची वेळ, बायांच्या डोक्यावर भरली भांडी. दोघीतिघी पडल्या, दूध ओढ्याला गेलं आणि बाकीच्यांनी पुन्हा घरीच विरजण लावायला सुरुवात केली. निम्मे कॅन रिकामे जाऊ लागले. हॉटेलवाला कॅनमध्ये वाकून बघायचा आणि म्हणायचा, "एवढंसं दूध तर मी सायकलवाल्याकडूनही घेईन, दूधवाले. तुमची ही तोफ कशाला?" बैल आधीच गेले होते; त्याने दुसरा माणूस धरला असता तर दूधही गेलं असतं. उरलं असतं ते लोखंड.

म्हणून मी नगरला मोटारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. जळकं पॅकिंग रुमालात बांधून नेलं होतं, ते काढून काउंटरवर ठेवलं.

"असं एक द्या."

"सुटं येत नाही. अख्खा सेट घ्यावा लागेल, मुंबईहून मागवावा लागतो."

"सेटात काय काय असतं?"

"इंजिनाची सगळी पॅकिंगं."

"मला एक पायजे. बाकीची काय करू?"

"गळ्यात घाला माळ करून," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. किंमत त्याने आधीच सांगितली होती. तेवढे पैसे असते तर मी लिलावातली लष्करी गाडी घेतलीच नसती. वर्कशॉपाच्या दारात जाऊन बघितलं, पण तिथला शिपाई नवा होता आणि त्याच्या लेखी मी कुणीच नव्हतो. आत धुतलेल्या गाड्यांनी माझी ओळख थोडीच दिली असती.

मग म्हटलं, आपणच करू. एक चकती तर करायची.

पहिल्यांदा पुठ्ठ्याची केली, एरंडेलात भिजवून. ती माळावरच पेटली आणि तिच्याबरोबर माझ्या खाकी विजारीचा एक पाय पेटला. त्यानंतर गावच्या चांभाराकडून वहाणेच्या तळाचं जाड चामडं कापून घेतलं. हे मात्र असं चपखल बसलं की मी गावापासून भिंगारपर्यंत स्वतःशीच हसत गेलो. मूठ सोडली तरी बार नाही. जळका वास येत होता, पण मला वाटलं रस्त्याकडेला कुणी काही जाळत असेल. हॉटेलवाल्याने कॅनचं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि बाहेर काढलं.

"दूधवाले, तुमच्या म्हशीनं चप्पल खाल्ली काय?"

"काही वास नाही."

"नाही? या, तुम्हीच प्या."

बाकड्यावरची माणसं बघत होती. मी पेला भरून घेतला आणि त्याच्यासमोर उभ्यानं प्यालो. वास होता. पहिल्या घोटालाच कळलं. पण मी पेला खाली ठेवून मिशी पुसली आणि म्हणालो, "चांगलं आहे." त्याने तरी ते दूध घेतलं नाही. मी कॅन तसेच माघारी आणले आणि घरी बायकोने झाकण उघडून एका हाताने नाकाला पदर लावला, दुसऱ्या हाताने कुत्र्याला बोलावलं. कुत्रंही हुंगून निघून गेलं.

रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून दुहेरी चकती केली. ती जळाली नाही, पण पत्र्याच्या दोन पदरांतून वाफेच्या इंजिनासारखी शिट्टी वाजायला लागली. बार परवडले, असं लोक म्हणाले. स्टेशनावरच्या एका इंजिनवाल्याने वाफेच्या नळ्यांना गुंडाळायचा पांढरा जाड दोर हातभर दिला. त्याने थोडा तग धरला, मग तुकड्या-तुकड्याने उडून गेला. प्रत्येक वेळी नळी सोडायची, सांधा घासायचा, बोल्ट आवळायचे. हाताची बोटं तर भाजलीच, पण त्याहून जास्त डोकं भाजलं. बाजारचा दिवस आला आणि गेला. मी पाटलांकडे गेलो नाही. पुढचाही गेला. पाटील वाटेत भेटले की काही बोलायचे नाहीत, नुसते मोटरसायकलीकडे बघून मान हलवायचे. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

शेवटी बायको म्हणाली, "अवं, चुलीला भेग पडली की आपन काय करतो? लिंपतो न्हवं? मंग ह्येला बी लिंपा."

"चूल आन् इंजिन सारखं असतं का गं?"

"दोगांत बी जाळच असतोय की."

मी हसलो. पण तिने ऐकलं नाही. पांढरी माती, राख, शेण, बकरीचे केस आणि गुळाचं पाणी असं कालवून तिने स्वतः तो सांधा लिंपला, वरून पाण्याचा हात फिरवला, चुलीसारखा गुळगुळीत केला. मी इंजिन चालू केलं. आवाज खरोखर बंद! ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. मी कॅन लावून निघालो आणि पहिल्याच चाकोरीत गाडी आदळली तेव्हा सगळा गिलावा माझ्या पायावर पडला. परत येऊन तिला सांगितलं तर म्हणते, "चूल काय पळती का? तुमी पळीवता, त्याला मी काय करू?"

त्या रात्री जेवताना मला आठवलं की वर्कशॉपात काढून टाकलेली जी पॅकिंगं मी झाडून भरायचो ती तांब्याची असायची. एवढे दिवस हे डोक्यात का आलं नाही, याचाच राग आला. पण लढाईनंतर बाजारात तांब्याचा पत्रा कुठला मिळायला? मी वर आढ्याकडे बघितलं. तिथे बायकोच्या माहेरचा हंडा उपडा टांगलेला होता. बूड गळायला लागल्यापासून तो तिथेच होता, कधीतरी नवं बूड लावून घ्यायचं म्हणून.

मी कुठे बघतोय ते तिने ओळखलं. "त्येला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

मी नजर ताटात आणली. ती भाकरी थापत राहिली. शेवटची भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "नुसतं बूड न्या. वरला भाग माजा मला माघारी आना."

नगरातल्या तांबटांच्या आळीत गेलं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. घरागणिक हातोडे चालतात. मला मात्र तिथे बरं वाटलं, माझ्या गाडीच्या आवाजाला नावं ठेवणारं तिथे कुणी नव्हतं. एक वयस्कर तांबट घागरीला ठोके देत बसला होता. मी हंडा आणि जळकी चकती त्याच्यासमोर ठेवली. बुडातून अशी चकती काढून द्या म्हणालो.

"हे कसल्या भांड्याचं?"

"भांडं न्हाई. मोटरसायकलीचं हाय."

"आम्ही भांडी करतो, पाव्हणं."

"मग भांडं समजून करा. पण काम भांड्यासारखं पक्कं पायजे, पिढ्या टिकलं पायजे."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तसं असेल तर ठेवून जा."

नंतर आणायला गेलो तर त्याने फडक्यात गुंडाळलेली ती चकती माझ्या हातावर ठेवली. काय सांगू! आख्ख्या चकतीवर मठार घातलेला. मठार म्हणजे घागरी-हंड्यांवर हातोडीचे जे एकसारखे टिपके उठवतात ते. दाण्याला दाणा लागून, एक ओळ वाकडी नाही. उन्हात धरली की डोळे दिपायचे. आणि त्यावरून दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र कल्हई. त्याने हंड्याचा वरचा भाग मला दिला आणि म्हणाला, "पिढ्या टिकेल." घरी आणली तर बायको म्हणाली, "अवं, नाकात घालावी आशी हाय की." दोन शेजारी बघायला आले. मी ती हातात धरून दाखवत होतो, जसं काही मीच केली होती.

संध्याकाळी बसवली, इंजिन चालू केलं, मूठ पिळून सोडली. एकही बार नाही. मी इंजिन लगेच बंद केलं, कारण पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि जपावं लागायचं. सरळ पाटलांच्या ओट्यावर गेलो आणि म्हणालो, "उद्या बाजार हाय. बैल हुबा करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन गेलोच नाही, गावाला दाखवेपर्यंत चकती तशीच नवी राहावी म्हणून. दुपारी वेशीच्या आत सगळा बाजार जमला. पाटलांनी तो बैल आणला. मोडक्या शिंगाच्या जागी हळदीचा लेप होता. त्याला वेशीजवळच्या लिंबाला बांधला. मी ओढ्याकडून आत येणार तेवढ्यात पाटील म्हणाले, "गार यंत्राचं काय खरं न्हाई. सडकंपातूर जाऊन ये, तापू दे, मंग आत ये."

"व्हय, जाऊन येतो," मी म्हणालो. मला कसलीच भीती नव्हती.

सडकेपर्यंत गेलो, वळलो. येताना ओढ्याच्या अलीकडे इंजिनाचा सूर बदलला. मला ऐकू आलं. पण समोर आख्खं गाव उभं होतं, आता थांबून कसं चालेल? वेशीत शिरलो, मूठ सोडली आणि आजवर कधी उडाला नाही एवढा मोठा बार उडाला. मग त्याच्यामागून आणखी. बैलाने दावं तोडलं आणि तो मिरच्यांच्या ढिगातून, भांड्यांच्या दुकानातून सुसाट गेला. माणसं आधी पळाली, मग हसायला लागली. कुणी शिंकत होतं, कुणी डोळे पुसत होतं, कोण हसून आणि कोण मिरच्यांनी ते कळत नव्हतं. पाटील बैलामागे गेले. मी मोटरसायकल ढकलत पुन्हा ओढ्यापलीकडे नेली.

नळी सोडली तेव्हा सांध्याखाली पांढरे थेंब थिजलेले दिसले. कल्हई. तापल्यावर ती वितळून गळून गेली होती. आदल्या संध्याकाळी गार इंजिनात तिनेच मठाराचे खळगे बुजवले होते, म्हणून गाडी गप्प राहिली होती. कल्हई गेली आणि त्या सुंदर सुंदर टिपक्यांतून, दाण्याला दाणा लागलेल्या, जाळ बाहेर आला.

मी तसाच नगरला गेलो. चकती तांबटासमोर फेकली.

"हे काय केलंत?"

त्याने ती उचलली, काळी पडलेली बघून त्याचा चेहरा उतरला. "माझ्या कामाची ही दशा कुणी केली?"

"तुमच्या कामानंच! खळगे कशाला घातले? कल्हई कशाला लावली? मी सांगितलं होतं का?"

"तुम्हीच म्हणालात, भांडं समजून करा."

"म्हणून मठार?"

"बिनमठाराचं भांडं माझ्या बापानं दिलं नाही आणि मीही देणार नाही. ठोके दिल्याशिवाय तांबं कडक होत नाही. नुसतं तांबं म्हणजे काय, हातानं वाकेल."

"मला हातानं वाकणारंच पायजे! सपाट, मऊ! आवळलं की सांध्यात चेपलं पायजे!"

"मऊ?" त्याने आजूबाजूला बघितलं, जसं काही मी काही वाईट बोललो होतो. "मऊ तर कच्चं काम. या आळीत कच्चं काम देत नाहीत."

आम्ही दोघंही बराच वेळ ओरडत होतो. हातोड्यांच्या आवाजात नाहीतरी ओरडल्याशिवाय काही ऐकू आलं नसतं. मी म्हणालो, ज्या बाईचा हा माहेरचा हंडा आहे तिला आता काय तोंड दाखवू? त्यावर बुडाचा उरलेला तुकडा त्याने काढला, त्यातून दुसरी चकती कापली, ठोका न देता कानशीने सपाट केली. मग भट्टीत लालभडक तापवून पाण्यात टाकली. "तांबं असं केलं की मऊ पडतं," तो म्हणाला. चिमट्याने उचलून माझ्याकडे सरकवली, स्वतःच्या हाताने दिली नाही. "कुणी विचारलं तर मी केली म्हणू नका."

दिसायला ती अगदीच ओबडधोबड होती, जळक्या चंद्रासारखी डागाळलेली. मी बोल्ट आवळले तेव्हा ती सांध्यात अशी बसली की जोड कुठे आहे ते कळेना. या वेळी मी शहाणपणा केला. ती बसवून रोज भिंगारला जाऊन आलो, चढावर तापवली, उतारावर मूठ सोडली. नुसती टकटक ऐकू यायची, लांबून पिठाची गिरणी चालावी तशी. हॉटेलवाला रस्त्याकडे पाठ करून उभा होता तो दचकला आणि म्हणाला, "कधी आलात?" मला एवढं बरं वाटलं की मी त्याला उत्तरच दिलं नाही.

पाटलांनी पुन्हा विचारायला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी विचारायला गेलो नाही. बाजारच्या दिवशी वेशीबाहेर येऊन उभा राहिलो आणि निरोप पाठवला, बैल आणायचा तर आणा. पाटील बैल घेऊन आले. खरं म्हणजे आले नसते तरी त्यांना कुणी बोल लावला नसता, एवढं मी त्यांच्या बाजूने बोलतो.

सडकेपर्यंत जाऊन गाडी तापवली. वेशीत शिरलो, मूठ सोडली. टक, टक, टक. बैलाने कान उभे केले. मी त्याच्यापासून दोन हातांवर थांबलो, पुन्हा मूठ पिळली, सोडली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग कडब्याकडे बघितलं आणि कडब्यात तोंड घातलं.

मला वाटलं, आता पाटील बोलतील. पण बोलली ती पाटलांची म्हातारी आई. ती माझ्यामागेच उभी होती.

"आगं बया! म्या पाठमोरी हुते, ह्यो कवा आला कळलंच न्हाई! आंगावर आला आस्ता म्हंजी?"

"व्हय की," दुसरी बाई म्हणाली. "आदी लांबून ऐकू यायचं, लेकरं आत घेत हुतो."

तेवढं पुरे झालं. सगळा बाजार एकाच वेळी बोलायला लागला. पाटील एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. घरात गेले आणि घुंगरमाळ घेऊन आले, जुनी, रुंद कातडी पट्ट्याची, पितळी घुंगरांची. ती त्याच बैलाची होती.

"शिंग गेल्यापासून ह्येला घालीत न्हाई मी," ते म्हणाले. "तू घी. म्होरं दांड्याला बांध. म्हंजी मानसांला बी कळंल, आन् बैलांला तर ह्यो आवाज वळखीचा हाय. बांध आन् खुशाल आत ये."

ते मनापासून देत होते. मला ते तेव्हाही कळलं होतं, कुणी मला ते समजावून सांगू नये. पण मागे लोक हसत होते, "बैल इकला आन् शेवटी बैलच झाला" असं कुणीतरी म्हणालं, आणि माळ माझ्या तोंडासमोर होती.

बायको माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाली, "घ्या की वो. काय बिगाडतंय?"

"आवाज हाय म्हनून भाईर काडलं," मी पाटलांना म्हणालो, "आता आवाज न्हाई म्हनून भाईर?"

"भाईर कुटं? आत ये म्हनतोय की."

"घुंगरं बांधून न्हाई येनार."

"लेका, मंग हार्न वाजीव, हाळी दे. कायतरी कर."

"कायबी करनार न्हाई. बैल बुजू नये ह्यी बोली हुती. बैल बुजला न्हाई."

मी गाडी वळवली आणि ओढ्यापलीकडे नेऊन उभी केली.

दुसऱ्या दिवसापासून मी पारापाशी दूध मापून घ्यायचो, कॅन कावडीला लावायचो आणि स्वतः ओढा ओलांडून मोटरसायकलीपर्यंत न्यायचो. बायांना ओढ्यात उतरायला नको, म्हणून दूध पुन्हा पहिल्याइतकं यायला लागलं. बायको म्हणाली, ह्येच करायचं हुतं तर आदीच का न्हाई केलं? कारण आधी मला हुकूम होता. आता वेस मोकळी होती आणि मी माझ्या मर्जीने बाहेर होतो. तिला तो फरक पटला नाही. बुडाविना राहिलेला हंडा तिने परत आढ्याला टांगला.

पाटील ओट्यावर तंबाखू मळत बसलेले असायचे. कावड घेऊन जाताना मला म्हणायचे, "आन की गड्या आत. माळ खुंटीलाच हाय."

"राहू द्या," मी म्हणायचो आणि कावड या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचो.

पाटील गेले, हॉटेल गेलं, मोटरसायकल मी पुढे राहुरीकडच्या एका माणसाला दिली. त्या बाजारानंतर तोवर ती त्या वेशीतून चालू इंजिनाने एकदाही आत आली नाही. मला अडेलतट्टू म्हणणारे गावात अजून आहेत, म्हणोत. बायकोच्या माहेरच्या हंड्याचं बूड कापून, बोटं भाजून, आळीत भांडून मी ती गाडी गप्प केली होती. तिच्या गळ्यात घुंगरं बांधायला मी ती गप्प केली नव्हती.